जंगल तुटलं, आणि ओढ्याचं पाणी वाढलं

डोंगरावरचं जंगल तुटलं की खालचा ओढा आटतो, हे आपल्याकडे लहान पोरही सांगेल. पण तोडीनंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत पुष्कळ ओढ्यांचं पाणी कमी होत नाही, उलट वाढतं. गावाने तक्रार केली आणि पाहणीला आलेल्या साहेबांनी वाहत्या ओढ्याकडे बोट दाखवून "कुठे आटलाय?" असं विचारलं, तर ते खोटं बोलत नसतात. गावही खोटं बोलत नसतं. साहेब पाणी आहे का हे बघतात, गावाला ते पुढे किती दिवस टिकेल याची काळजी असते. पण ती काळजी कागदावर कुठेच नसते, त्यामुळे पंचनाम्यात गावाची बाजू पडते.

म्हणून माझं म्हणणं असं, की गावाने ओढ्याला पाणी किती आहे यापेक्षा ते कधी येतं, कसं येतं आणि कधी संपतं हे लिहून ठेवावं. आणि तेही कुऱ्हाड पडण्याच्या आधीपासून.

झाड पाणी मुरवतं, तसंच पितंही

आधी हे पाणी वाढतं कसं ते बघू. झाड मुळांनी जमिनीतलं पाणी ओढतं आणि पानांवाटे हवेत सोडतं. शिवाय पावसाचा काही भाग पानांवरच अडतो आणि तिथूनच वाळून जातो. जंगल गेलं की हा सगळा खर्च एकदम थांबतो आणि वाचलेलं पाणी ओढ्याला येतं. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रूक नावाचं संशोधनासाठी राखलेलं जंगल आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून तिथल्या छोट्या छोट्या ओढ्यांचं पाणी मोजलं जातं. १९६५ च्या हिवाळ्यात तिथल्या सुमारे १५ हेक्टरच्या एका पाणलोटातलं एकूण एक झाड तोडलं, लाकूड जागेवरच पडू दिलं आणि पुढचे तीन उन्हाळे तणनाशक मारून काही उगवूही दिलं नाही. पहिल्याच वर्षी त्या ओढ्याचं पाणी सुमारे ४० टक्क्यांनी वाढलं. मात्र त्या पाण्यातलं नायट्रेट पिण्याच्या पाण्याची मर्यादा ओलांडून गेलं, कारण मातीत तयार होणारा नत्र उचलायला मुळंच उरली नव्हती.

उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. मेलबर्न शहराचं बरंचसं पाणी माउंटन अॅश या उंच निलगिरीच्या जंगलांतून येतं. १९३९ च्या वणव्यात त्यातलं बरंच जुनं जंगल जळालं आणि त्याजागी दाट, तरणं जंगल उगवलं. वाढत्या वयाचं हे जंगल म्हाताऱ्या जंगलापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं. तिथल्या ओढ्यांचं पाणी पंचवीस-तीस वर्षांत कमी कमी होत निम्म्यावर येऊ शकतं आणि पहिल्यासारखं व्हायला शंभराहून जास्त वर्षं लागतात, असा हिशोब पुढे मांडला गेला. तिथेही सगळीकडे झाडंच दिसत होती. म्हणजे "हिरवं आहे ना, मग पाणी असणारच" हे समीकरणही सरसकट खरं नाही.

मग सह्याद्रीत काय होतं? इथला जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि नंतर आठ महिने जवळपास काहीच नाही. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये ओढा वाहतो तो पावसाळ्यात जमिनीत जेवढं मुरलं त्याच्या जिवावर. जंगलातल्या जमिनीत कुजलेल्या मुळांच्या नळ्या, वाळवीची आणि गांडुळांची बिळं, वर पाचोळ्याचा थर असतो, त्यामुळे मोठ्या सरीचं पाणीही आत शिरायला वाट मिळते. जमीन उघडी पडली, तुडवली गेली, पहिल्या सरींनी तिचा वरचा थर थापला गेला, की ही वाट बंद होते आणि पाणी वरच्या वर धावतं.

आता दोन रकाने मांडा. झाडं तोडल्यामुळे पिण्याचा खर्च किती वाचला तो एका रकान्यात, आणि जमीन बिघडल्यामुळे मुरणं किती घटलं ते दुसऱ्यात. पहिला आकडा मोठा असेल तर उन्हाळी पाणी वाढेल, दुसरा मोठा असेल तर घटेल. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात, म्हणजे आपल्याच सह्याद्रीत, संशोधकांनी नैसर्गिक जंगल, ओरबाडलेलं जंगल आणि अकेशियाची लागवड यांखालच्या जमिनी तपासून आणि ओढे मोजून हाच हिशोब मांडला. लागवडीखालची जमीन सुधारते, पण नैसर्गिक जंगलाच्या जमिनीची सर तिला येत नाही, आणि नैसर्गिक जंगलातला ओढा पावसानंतर जास्त काळ टिकतो, असा त्याचा कल होता. जंगल म्हणजे स्पंज, असं पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे, कारण हा स्पंज स्वतःही पाणी पितो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. झाड तोडणं वेगळं आणि जमीन उकरणं वेगळं. कोकणात मालकी रानातली सरपणाची, कोळशाची तोड पूर्वीपासून चालत आली आहे. त्यात बुंधा आणि मुळं जमिनीतच राहतात, ऐन-किंजळाला खुटावरून फुटवे येतात आणि चार-पाच वर्षांत रान पुन्हा झाकलं जातं. ती तोड चांगली असं मी म्हणत नाही. पण जिथे जेसीबी लावून खुंट उपटले जातात, उतार कापून पायऱ्या पाडल्या जातात, पाचोळा पेटवला जातो आणि रबर किंवा अननस लावला जातो, तिथे ओढ्यावर होणारा परिणाम अगदी निराळा असतो. गावाच्या नोंदीत नुसतं "तोड झाली" एवढंच असेल तर हा फरक हरवतो. खुंट राहिले की गेले, हे लिहायलाच हवं.

चिखल कुठून येतो

हबर्ड ब्रूकच्या प्रयोगात लाकूड बाहेर काढलं नव्हतं, म्हणून रस्ताही केला नव्हता. प्रत्यक्षातल्या तोडीत रस्ता असतोच, आणि ओढ्यातल्या गाळाचा मोठा वाटा बहुतेक वेळा तोडलेल्या रानातून नव्हे तर त्या रस्त्यावरून येतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला १९८४ चा एक अभ्यास यासाठी वारंवार सांगितला जातो. लाकडाचे ट्रक सतत चालत असलेल्या कच्च्या रस्त्यावरून, वापर बंद झालेल्या रस्त्याच्या १३० पट गाळ येत होता. चाकांखाली माती दळली जाते, चाकोरीत पाणी साचतं, आणि मग ती चाकोरीच पाट बनून सरळ ओढ्यात उतरते.

त्यामुळे पाहणीला निघालेल्या माणसांनी आधी रस्ता चालावा. तो ओढा कुठे कुठे ओलांडतो, त्याचं पाणी बाजूच्या पाचोळ्यात सुटतं की थेट ओढ्यात, आणि ओढ्याच्या दोन्ही काठांवर झाडांचा पट्टा राखला आहे का, एवढं बघून फोटो काढून ठेवावेत. सरकारी जंगलात कुठला कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, कोणत्या वर्षी तोडायचा आणि नाल्याकाठी काय राखायचं हे वनविभागाच्या कार्य आयोजनेत लिहिलेलं असतं. ती माहितीच्या अधिकारात मागता येते. कूपाचं वर्ष आधी कळलं तर गावाला तयारीला वेळ मिळतो. माझ्या मते एवढ्या एका कारणासाठीही तो अर्ज करून ठेवण्यासारखा आहे.

ओढा कधी थांबला?

सगळ्यात स्वस्त आणि आपल्या हवामानात सगळ्यात बोलकी नोंद म्हणजे ओढा वाहायचा कोणत्या तारखेला थांबला. यंत्र लागत नाही. एक ठरलेली जागा लागते, शक्यतो जिथे तळाला उघडा कातळ आहे अशी, आणि जानेवारीपासून आठवड्यातून एकदा तिथे जाणारं माणूस. "धार आहे", "धार तुटली, कोंडीत पाणी आहे", "कोंडही आटली" या तीन पायऱ्या आणि प्रत्येकीची तारीख. (कोंड म्हणजे ओढ्यातला खोलगट डोह.) कोंडीच्या कातळावर रंगाने सेंटिमीटरच्या खुणा करून दर वेळी त्याच जागेवरून फोटो काढला तर नंतर कुणाला शंका घ्यायला जागा राहत नाही.

पुढची पायरी म्हणजे प्रत्यक्ष पाणी मोजणं. झऱ्याची किंवा बारीक धार असेल तर बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरतं. १५ लिटरची बादली २० सेकंदांत भरली, तर सेकंदाला पाऊण लिटर. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण दिवसभराचे ६४,८०० लिटर होतात. नळपाणी योजनांसाठी माणशी रोज ५५ लिटरचा जो हिशोब धरतात, त्याने पावणेबाराशे माणसांचं पाणी झालं. असा हिशोब ग्रामसभेत मांडला की चर्चेचा सूर बदलतो.

धार मोठी असेल तर ओढ्यात लोखंडी पत्र्याची आडवी फळी बसवून तिच्यात व्ही आकाराची खाच कापतात. खाचेच्या टोकापासून वर पाणी किती उंच उभं आहे ते बघायचं, पण फळीच्या तोंडाशी नाही, जरा मागे, जिथे पाणी संथ असतं. इथे मात्र फसगत होते. काटकोनी खाचेत ५ सेंटिमीटर पाणी असेल तर सेकंदाला पाऊण लिटरच्या आसपास वाहतं. १० सेंटिमीटर असेल तर दुप्पट नाही, जवळजवळ साडेचार लिटर. २० सेंटिमीटरला पंचवीस लिटर. उंची निम्मी झाली की पाणी पाचव्या हिश्श्याहूनही कमी होतं. "पट्टी थोडीशीच उतरली आहे" असं म्हणणाऱ्याला हे दाखवावं.

फळी बसवणं जमत नसेल तर सरळ वाहणारा दहा मीटरचा तुकडा निवडून लिंबू सोडायचं, ते किती सेकंदांत पोचतं ते बघायचं, दहाला त्या सेकंदांनी भागून वेग काढायचा आणि ओढ्याची रुंदी-खोली मोजून त्याच्याशी गुणाकार करायचा. पृष्ठभागाचं पाणी तळापेक्षा जोरात धावतं, म्हणून उत्तराला साधारण ०.८ ने गुणतात, खडकाळ ओढ्यात त्याहून कमी धरतात. ही रीत ढोबळ आहे. पण दर वेळी तोच तुकडा आणि तीच रीत ठेवली तर ढोबळ आकडेही एकमेकांशी ताडून बघता येतात. मध्येच रीत बदलली तर चांगल्या यंत्राचे आकडेही वाया जातात.

गढूळपणा: दर सोमवारची बाटली कामाची नाही

गाळ रोज येत नाही. वर्षभराच्या गाळातला मोठा भाग मोजक्या सरींच्या काही तासांत वाहून जातो, आणि त्यातही पाणी चढत असताना जास्त, उतरताना कमी. म्हणून दर सोमवारी सकाळी बाटली भरून ठेवणारा माणूस इमाने इतबारे चुकीची नोंद करत असतो. पहिले मोठे पाऊस, पाणी चढतानाची वेळ, हेच पकडावं लागतं. अर्थात अशा वेळी ओढ्यात उतरायचं नाही. काठावरून किंवा साकवावरून दोरीला बादली बांधून पाणी घ्यायचं.

मोजायला एक मीटरभर लांब पारदर्शक नळी लागते, तळाशी काळी-पांढरी तबकडी. नळीत पाणी भरून वरून बघायचं आणि तबकडी दिसेपर्यंत खालून पाणी सोडत जायचं. जेवढ्या सेंटिमीटरवर ती दिसली तो आकडा लिहायचा. प्रयोगशाळा हाच गढूळपणा एनटीयू या मापात देते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात तो १ पर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालेल असं आहे. जलजीवन मिशनमध्ये दर गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायच्या किटचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. त्या किटमध्ये नायट्रेटही तपासता येतं. त्या पाचजणींपैकी कुणी या कामात नसेल तर गावाकडे असलेली सोय वाया जाते आहे.

ओढ्यातले जीवही साक्ष देतात. स्वच्छ, वाहत्या ओढ्यातला दगड उलटा केला की खाली चपटे, शेपटीला दोन-तीन केसांसारखे धागे असलेले बारीक किडे पळताना दिसतात. मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय या माश्यांची ही पिल्लं. त्यांना दगडांमधल्या फटी आणि भरपूर प्राणवायू लागतो. गाळ बसून फटी बुजल्या की ती आधी गायब होतात आणि चिखलात जगणारे लालसर किडे, गांडुळासारखे जीव वाढतात. दक्षिण आफ्रिकेत मिनीसास नावाची पद्धत याच तत्त्वावर आहे. कोणते गट सापडले त्यावरून गुण द्यायचे आणि ओढ्याची तब्येत ठरवायची. शाळेतली मुलंही ती करतात. आपल्याकडे याला जोडून चढणीच्या माशांची नोंद ठेवता येईल. पहिल्या पावसात मासे कुठवर चढले, कोणते मिळाले, हे ज्यांना ठाऊक असतं अशी माणसं प्रत्येक वाडीत असतात, फक्त त्यांना कुणी वहीत विचारत नाही.

एकट्या ओढ्याची नोंद पुरत नाही

समजा तोडीनंतरच्या वर्षी ओढा महिनाभर आधी आटला. तोडीमुळे, की त्या वर्षी परतीचा पाऊसच झाला नाही म्हणून? एका ओढ्याच्या नोंदीवरून हे कधीच सांगता येणार नाही. म्हणून शेजारचा एक ओढा निवडायचा, जवळपास तेवढाच, तशाच उताराचा, पण ज्याच्या माथ्यावर तोड होणार नाही असा. दोन्हींची नोंद एकाच दिवशी. आधीच्या वर्षांत हे दोन ओढे चार-पाच दिवसांच्या फरकाने आटत असतील आणि तोडीनंतर तो फरक चाळीस दिवसांचा झाला, तर पावसाला दोष देता येत नाही, कारण पाऊस दोन्हींवर सारखाच पडला. हबर्ड ब्रूकलाही हेच केलं होतं, तोडलेल्या पाणलोटाशेजारी न तोडलेला राखला होता.

पर्जन्यमापक मात्र गावातच हवा. महसूल मंडळाच्या ठिकाणचा पावसाचा आकडा घाटाखालच्या वाडीला लागू पडत नाही. पाच-सात किलोमीटरवर पाऊस दुप्पट-तिप्पट बदलतो.

उपग्रहाची चित्रं आता फुकट मिळतात. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं दहा मीटरपर्यंतचा तपशील दाखवतात आणि दर पाच दिवसांनी नवं चित्र येतं. पावसाळ्यात ढगांमुळे काही दिसत नाही, पण आपल्याकडची तोड होते दिवाळीनंतर ते मेपर्यंत, तेव्हा आकाश मोकळं असतं. तोड कोणत्या आठवड्यात झाली, किती क्षेत्रावर झाली, रस्ता कुठून काढला, हे त्यात पकडता येतं. एवढंच लक्षात ठेवायचं, की झाडांचं आच्छादन आपोआप मोजणारी जागतिक संकेतस्थळं रबर, काजू आणि जंगल यांत नेहमीच फरक करत नाहीत. जंगल जाऊन रबर आलं तर चारेक वर्षांनी नकाशा पुन्हा हिरवा होतो.

वही कुणाच्या हातात, आणि ती कुठे चालते

लोकांच्या निरीक्षणाला वजन येऊ शकतं, याचं आपल्या देशातलं मोठं उदाहरण गढवालचं आहे. जुलै १९७० मध्ये अलकनंदेला प्रलयंकारी पूर आला. तो वरच्या तोडीशी जोडलेला आहे, हे तिथल्या गावांनी आणि चंडीप्रसाद भट्टांच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाने लावून धरलं. १९७४ मध्ये रेणी गावात गौरादेवी आणि बाकीच्या बायका झाडांना आड आल्यानंतर उत्तर प्रदेश सरकारने वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने गावकऱ्यांचं म्हणणं उचलून धरलं आणि अलकनंदेच्या वरच्या पाणलोटात दहा वर्षं व्यापारी तोड बंद झाली. चिपको म्हटलं की आपल्याला मिठी आठवते, पुराचा हा युक्तिवाद मागे पडतो.

आज कायद्याचा आधार त्याहून भक्कम आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याचं पाचवं कलम ग्रामसभेला अधिकार देतं: लगतची पाणलोट क्षेत्रं, पाण्याचे स्रोत आणि इतर संवेदनशील भाग यांचं पुरेसं रक्षण होईल हे पाहण्याचा. २००९ मध्ये गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो गावांना. अशा गावात ओढ्याची वही ही काही हौस राहत नाही, कायद्याने दिलेल्या कामाचा तो भाग ठरतो. फक्त ती ग्रामसभेच्या इतिवृत्तात नोंदवली गेली पाहिजे.

मालकी जंगलात हा रस्ता बंद असतो आणि सिंधुदुर्गातलं दुखणं नेमकं तेच आहे. दोडामार्ग तालुक्यात मालकी रानं विकली गेली आणि तिथे रबर लागला. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातल्या वृक्षतोडीला बंदी घातली. तरीही तोडीच्या तक्रारी येत राहिल्या, आणि २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला लक्ष ठेवण्यासाठी विशेष कृती दल नेमायला सांगावं लागलं. तिथलं पाणी तिळारी नदीतून खाली गोव्यात जातं आणि शापोरा नावाने समुद्राला मिळतं. म्हणजे वरच्या रानातला गाळ आणि खालचा पाणीपुरवठा दोन राज्यांत आहेत. अशा ठिकाणी वहीही दोन्ही बाजूंना हवी.

वहीत स्वतःच्या बाजूचंही लिहावं लागतं. वणवा कधी लागला, गुरं किती चरली, राबासाठी फांद्या कुठून छाटल्या, आणि मुख्य म्हणजे ओढ्याच्या आसपास नवीन बोअर किती पडले. बोअरचं पाणी ओढ्याला मिळणाऱ्या पाझरातूनच येऊ शकतं. हे लपवलं तर समोरचा वकील पहिल्याच सुनावणीत काढतो आणि मग खरे आकडेही संशयात येतात. झऱ्यांचं आणखी एक आहे: झऱ्याला पाणी पुरवणारा भाग त्याच्या वरच्याच उतारावर असेल असं नाही. खडकाचे थर कुठे झुकले आहेत त्यावर ते ठरतं, आणि कधी कधी डोंगराच्या पलीकडच्या अंगावर पडलेला पाऊस अलीकडे पाझरतो. सिक्कीममध्ये झरे जिवंत करण्याचं सरकारी काम २००८ पासून चालू आहे, तिथे भूगर्भ बघितल्याशिवाय चर खणत नाहीत. त्यामुळे झरा आटला तर तोडीकडे बोट दाखवण्याआधी भूजलाच्या जाणकाराला एकदा डोंगर दाखवावा.

राहिला प्रश्न तोड होऊन गेली आहे आणि आधीची वहीच नाही अशा गावांचा. बहुतेक गावं यातच मोडतात. तरी हातात काहीच नसतं असं नाही. सेंटिनेलची जुनी चित्रं २०१५ पासून साठवलेली आहेत. शेजारचा न तोडलेला ओढा आजही तुलनेला आहे. आणि लोकांच्या मोबाइलमध्ये त्याच ओढ्याचे फोटो आहेत, ज्यांवर तारीख आपोआप पडलेली असते. गणपती विसर्जनाचे दर वर्षी त्याच कोंडीवरचे, शिमग्याचे, मे महिन्यात पोहायला गेलेल्या पोरांचे. विसर्जनाच्या फोटोंत पाण्याचा रंग दिसतो, मे महिन्याच्या फोटोंत कातळावर पाणी कुठवर होतं ते दिसतं. वाडीतल्या सगळ्यांकडून ते गोळा करून वर्षवार लावायला दोन-तीन संध्याकाळी लागतील. मुंबईला राहणाऱ्यांना विसरू नये, मे महिन्यातले बरेचसे फोटो त्यांच्याकडेच असतात.